आई कोणत्या भाषेत रागवायची?

अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या हॉस्पिटलात नीलांबरीताईंचं काम एका ओळीत सांगता येतं: इंग्रजी न येणाऱ्या पेशंटला त्याच्या भाषेतला दुभाषी मिळवून देणं. पण त्या ते अशा थाटात करतात की वाटावं, हॉस्पिटल त्यांनीच बांधलंय आणि सर्जन मंडळींना कामावर ठेवलंय. मूळच्या नागपूरच्या. आठ वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसून काढली. वर्क परमिट मिळाल्या दिवशी त्यांनी जो आवाज लावला, तो अजून खाली आलेला नाही.

मी सुशांत, तिथल्याच आयटीत. पेशंटची नोंद करताना भाषा निवडायची एक यादी कॉम्प्युटरवर उघडते, ती माझी निर्मिती. तिच्यात स्वाहिली होती, सोमाली होती, अम्हारिक होती. त्या खंडातल्या बाकी सगळ्यांसाठी मी एक सुटसुटीत ओळ केली होती: ‘आफ्रिकन – इतर’.

ताई एकदा माझ्या डेस्कपाशी येऊन उभ्या राहिल्या.

“सुशांत, आफ्रिकन कोण बोलतं रे? तू एशियन बोलतोस का?”

“ताई, लिस्ट फार लांब होईल.”

“होऊ दे ना! एकट्या नायजेरियात पाचशेच्या वर लँग्वेजेस आहेत. आपल्याकडे योरुबा येतात, इग्बो येतात, हाउसा येतात. एकाला दुसऱ्याचा इंटरप्रिटर दिला ना, की तो माझ्याकडे कसा बघतो ते एकदा येऊन बघ.”

त्यांची एक वही होती. योरुबा घरातली मुलगी थोरांपुढे गुडघे टेकते, तिला मध्येच हाताला धरून उठवायचं नाही. इथिओपियन घरी कॉफीला बोलावलं तर तिसरा कप होईपर्यंत निघायचं नाही. असलं सगळं त्यांनी लोकांना विचारून विचारून लिहून ठेवलं होतं. मला ती निव्वळ हौस वाटायची. “पुढच्या अपडेटला बघू,” म्हणून मी त्यांना कटवलं.

मार्चमध्ये बोंतूआजी आल्या. सत्तरीच्या, हृदयाची एक झडप निकामी झालेली. देश इथिओपिया, म्हणून नोंदणीवाल्यांनी यादीतली अम्हारिक निवडली. फोनवरच्या दुभाष्याने ऑपरेशन समजावलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि सहीचा कागद पुढे आला तसं तोंड भिंतीकडे फिरवलं. तीनदा असंच झालं. शेवटी सर्जननी ‘पेशंटचा नकार’ लिहायचं ठरवलं, संध्याकाळी डिस्चार्ज. नव्या झडपेशिवाय त्या वर्षही काढणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

ताई आजींच्या खाटेपाशी गेल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि फोनवरच्या दुभाष्याला म्हणाल्या, “त्यांना विचारा, लहानपणी आई कोणत्या भाषेत रागवायची?”

आजी पहिल्यांदाच हसल्या. मग बोट नाचवत त्यांनी आईचं रागावणं जसंच्या तसं करून दाखवलं.

“ही माझी भाषा नाही,” दुभाषी म्हणाला. “ही ओरोमो. आमच्याच देशातली, पण वेगळी.”

आजींचं अम्हारिक बाजारहाटापुरतं होतं. ओरोमोचा दुभाषी त्याच फोन सर्व्हिसकडे होता, दहा मिनिटांत मिळाला. यादीत भाषाच नाही म्हटल्यावर इतके दिवस कुणी मागितला नव्हता. आजींना एकच गोष्ट विचारायची होती: नवी झडप कुठल्या प्राण्याची? डुकराची बसवतात असं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि त्या पाच वेळा नमाज पढणाऱ्या. सर्जन म्हणाले, गाईची बसवता येते. आजींनी कागद स्वतःच ओढून घेतला आणि सही केली.

“माझ्या सासूबाईंनी नेमकं उलटं मागितलं असतं,” कॅन्टीनमध्ये हे सांगताना ताई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. एक बाई माझ्या आळसापायी मरायला घरी निघाली होती. मला लाज वाटली, सरळच सांगतो.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी ताई मला आजींकडे घेऊन गेल्या. आजी उशीला टेकून बसल्या होत्या, फोनवर ओरोमो दुभाषी होताच. “हा लिस्ट बनवतो,” ताईंनी माझी ओळख करून दिली. मी माफी मागितली. आजींनी मला नीट न्याहाळलं.

“तुझी आई कोणत्या भाषेत रागवायची?”

“मराठीत.”

“ती आहे का तुझ्या यादीत?”

“असेलच की,” मी म्हणालो.

डेस्कवर येऊन यादी उघडली. हिंदी होती, गुजराती होती, तेलुगू होती. खाली एक ओळ, माझ्याच हाताने टाइप केलेली: ‘इंडियन – इतर’.

मी ताईंना फोन करून सांगितलं. वाटलं, आता वर्षभर चिडवतील. त्या हसल्यासुद्धा नाहीत.

“आधी आजींची टाक,” म्हणाल्या, “मग आपली.”