आज ऊन पडलं का?

वाशीमच्या एसटी स्टँडवर आईनं माझ्या तोंडाभोवती स्कार्फ घट्ट बांधला. मुंबईला पोचून मला मेलबर्नचं विमान गाठायचं होतं. "घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, आणि तोंड बांधून निघाली," बाबा म्हणाले. आई हसली नाही. "तिकडंही उन्हात फिरू नको बाई. रंग गेला की परत येत नाही."

मी ते मनापासून पाळलं. युनिव्हर्सिटीतल्या मैत्रिणी बीचवर लोळायच्या, मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून झाडाखाली. पुढे मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गला फूड फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलची नोकरी लागली. लॅबला खिडकी नाही. हिवाळ्यात शिफ्टला जाताना अंधार, येताना अंधार. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा उन्हाळा होता. आईचा रोज फोन, "ऊन घेऊ नको, बाळ सावळं होतं." मी पडदे ओढून बसायची. पाचव्या महिन्यात बाळ गेलं.

आता पुन्हा पाचवा चालू आहे. या वेळी ब्लड टेस्टमध्ये व्हिटॅमिन डी फारच कमी निघालं. "मागच्या वेळी त्यामुळेच झालं का?" मी जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, विचारलं. ती म्हणाली, तसं कुणीच सांगू शकणार नाही, स्वतःला दोष देऊ नकोस, गोळी मात्र रोज घे. इतक्या शांतपणे माझ्याशी कुठलाच डॉक्टर कधी बोलला नव्हता. या देशाचे उपकार मी विसरत नाही. पण 'कुणीच सांगू शकणार नाही' हे उशाशी घेऊन झोपायचं कसं?

गोळी घेते. तरी जरा ऊन दिसलं की ब्रेकमध्ये कारपार्कात जाऊन बाह्या वर करून उभी राहते. समीर, माझा नवरा, म्हणतो, "जुलै म्हणजे इथला हिवाळा, हे ऊन नावालाच असतं गं. गोळी चालू आहे ना?" मलाही कळतं. मी बी.एस्सी. आहे. तरी उभी राहते. परवा कामावरच्या एकानं विचारलं, "यू ऑलराइट, मेट?" मी "नो वरीज" म्हटलं आणि गाडीत बसून रडले.

आईला व्हिडिओ कॉलवर रिपोर्टचं सांगितलं. ती तशीच फोन घेऊन गच्चीवर गेली. तिथं ती पापड वाळत घालायची आणि मला मात्र जिन्यातल्या सावलीत बसून राखायला सांगायची. तिनं फोन सूर्याकडे धरला. स्क्रीन नुसता पांढरा झाला.

"घे," ती म्हणाली. "लागेल तेवढं घे."

तुम्ही तिकडे राहिलेले आणि माझ्यासारखे इकडे आलेले, सगळेच विचारता, आता घर कुठलं? माझं घर ती गच्ची आहे, जिथं मी कधी धड उभीही राहिले नाही.

हल्ली आई 'जेवलीस का' आधी विचारत नाही. आजही म्हणाली, "ऊन पडलं का गं?" बाहेर सकाळपासून पाऊस होता. पोटात अजून काही हललेलं जाणवत नाही. मिडवाइफ म्हणते, थोडं थांब.

"हो आई," मी म्हटलं, "छान पडलंय."