प्रार्थनेसाठी कॅटेगरी नाही

रविवारची उपासना संपली की आमच्यात चहा असतो. पहिल्याच घोटाला कोणीतरी "लॉकडाऊनमध्ये नाही का..." म्हणून सुरू करतं आणि मग सगळ्यांचे कप गार होतात. बाकीच्या लोकांच्या त्या वर्षाच्या आठवणी म्हणजे केक, वेबसिरीज आणि थाळ्या वाजवणं. आमच्या सगळ्या परवानगीच्या! एकानं एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. आम्ही पोट धरून हसतो. पण खरं सांगू? हसता हसता माझी कानशिलं अजूनही तापतात.

आमची मंडळी, म्हणजे चर्च हो, आम्ही मंडळीच म्हणतो, अगदी छोटी. तीस-पस्तीस घरं. बहुतेक जण नगर-जालन्याकडून इकडं मुळशीत कामाला आलेले. मी उरवड्याला एका पॅकिंग युनिटमध्ये क्वालिटीला आहे आणि मंडळीची सेक्रेटरी. त्यामुळे त्या काळातले सगळे अर्ज माझ्याच अक्षरात आहेत!

आणि चर्च म्हणजे काय, तर नांद्याच्या अलीकडे बबननानांच्या शेतातलं पत्र्याचं शेड. नाना गावातले जुने शेतकरी, हिंदू. आमच्या आधी तिथं कोंबडीखाद्याची पोती असायची. दमट हवा पडली की अजून वास येतो.

*

लॉकडाऊनचा दुसराच रविवार. उपासना मोबाईलवर. आम्ही सगळे आपापल्या घरी, आणि शेडात पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, एकटे. गायनाच्या पुस्तकांची चळत रचून तिला मोबाईल टेकवलेला. डोळे मिटून त्यांची प्रार्थना चाललेली.

तेवढ्यात दार वाजलं. हवालदार! कोणीतरी फोन केला होता म्हणे, शेडात गर्दी जमलीय. मोबाईल चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळं आम्हाला लाईव्ह दिसलं.

"आत किती जणं हाय?"

"मी एकटाच."

"मग बोलत कुणाशी व्हता?"

पाळकसाहेब साधा माणूस. मनात येईल तेच तोंडातून निघतं. म्हणाले, "देवाशी."

हवालदारानं बाकांखाली वाकून बघितलं. पडदा सारून बघितलं. मग दारात जाऊन म्हणाला,

"त्यांना पण घरी जायला सांगा!"

आम्ही म्यूटवर तोंडात पदर कोंबून बसलो होतो. हसू ओसरल्यावर मी खिडकीतून खाली पाहिलं. चौकात भाजीच्या टेम्पोला पन्नास माणसं चिकटलेली. त्या टेम्पोखाली मात्र कोणी वाकून बघितलं नाही.

*

नेऱ्याला आमच्या मार्थाआजी होत्या. कॅन्सर, शेवटची पायरी. पंधरा दिवस एकच धोशा, "पाळकाला बोलवा." पाळकसाहेब राहायला पिरंगुटला. मधे बॅरिकेड. पास लागणार.

माझ्याकडे कंपनीचा पास होता, म्हणून मीच एका सरकारी ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कनं कॉम्प्युटरवर यादी उघडली. वैद्यकीय. अत्यावश्यक सेवा. लग्न. मयत.

"प्रार्थनेला कॅटेगरी नाही मॅडम. धार्मिक कार्यक्रम बंद आहेत."

"कार्यक्रम नाहीये. एका खाटेवर एक म्हातारी आहे. एक माणूस जाणार, तिच्या डोक्यावर हात ठेवणार आणि परत येणार."

"नातेवाईक आहेत का ते?"

"पाळक आहेत."

"मग नाही बसत."

मी म्हणाले, "अहो, ती दोन दिवस काढेल की नाही सांगता येत नाही!"

तो माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट! त्यानं खरंच विचार केला. चेहरा उजळला. अगदी घरच्यासारखा पुढं वाकून म्हणाला,

"मॅडम, असं करा ना. मयत झाल्यावर अर्ज टाका. लगेच होतो!"

पाळकसाहेबांनी फोनवरूनच प्रार्थना केली. सुनेनं फोन आजींच्या कानाला धरला होता. तीनदा रेंज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी गेल्या.

मी अर्ज टाकला. बावीस मिनिटांत मंजूर.

*

उरवड्याच्या खोल्यांमधे बिहार-झारखंडची पोरं अडकली होती. त्यांच्या कंपन्या बंद, गावाला जायला गाडी नाही. आमच्या मंडळीनं घराघरातून तांदूळ-डाळ गोळा केली आणि पाकिटं वाटली. जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. भूक लागलीय का, हेही विचारलं नाही. दिसत होती.

तर कोणीतरी त्याचा व्हिडीओ केला आणि खाली लिहिलं, "धान्य देऊन बाटवतात."

दुसऱ्या दिवशी तीन मोटरसायकली बबननानांच्या गोठ्यापाशी. मी शेडातून पाकिटं न्यायला आले होते, सगळं कानांनी ऐकलं.

"नाना, तुमच्या शेडात काय चालतंय ठावं हाय का?"

नाना म्हशीचं शेण ओढत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"सा वर्सं झाली यांना शेड दिऊन. दर रविवारी हितपातुर गाणी ऐकू येत्यात. मला न्हाई बाटवलं. या म्हशीला न्हाई बाटवलं. आन् त्यो बिहारचा गडी दोन किलो तांदळात बाटतुया व्हय?"

"नाना, तुमी समजून घ्या. आपली माणसं त्यांच्याकडं चाललीत."

तेव्हा कुठं नानांनी फावडं टेकवलं आणि मान वर केली.

"मंग तुमी चार किलो द्या की! येत्यात मागारी!"

मोटरसायकली गेल्या. चार किलो काही आले नाहीत.

*

आता आमच्यातलंही सांगते. नाहीतर म्हणाल, सेक्रेटरीबाईंचा राग फक्त सरकारवर.

आमच्यात एक भाऊ आहेत, आयटीवाले. नाव नाही सांगत, चहाला समोरच बसलेले असतात! सगळ्यांच्या ऑनलाईन मीटिंगमधे ते पाळकसाहेबांना म्हणाले, "तुम्ही देवापेक्षा कलेक्टरला जास्त घाबरता! मास्क म्हणजे अविश्वास आहे."

पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "दार बंद ठेवायला सांगणं वेगळं आणि आजारी पाडू नका म्हणणं वेगळं. पहिल्याशी मी भांडतोय. दुसरं बरोबर आहे."

भाऊंना पटलं नाही. त्यांनी आपल्या फ्लॅटमधे प्रार्थना ठेवली. पंधरा माणसं, खिडक्या बंद, मास्क काढून. माझी सख्खी नणंद गेली होती. तिला ऑक्सिजनवर अकरा दिवस काढावे लागले. त्या अकरा दिवसांत मी भाऊंबद्दल जे बोलले, ते मंडळीच्या सेक्रेटरीला शोभणारं नव्हतं!

मग भाऊ स्वतःच पडले. बेड मिळेना. शेवटी फोन कोणाला? आमच्या वैशाली सिस्टरला. ती नर्स. पीपीई किटमधे बारा-बारा तासांच्या ड्यूट्या करून तिच्या नाकावर वळ पडले होते. तिनं दहा ठिकाणी फोन केले, भाऊंना बेड मिळवून दिला, वर स्वतः बघायला गेली.

भाऊंना रडू फुटलं. ऑक्सिजनचा मास्क खाली ओढून म्हणाले, "सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा."

"करते ना," वैशाली म्हणाली. "आधी तो मास्क वर घ्या."

*

हळूहळू एकेक उघडत गेलं. दारूची दुकानं तर कधीच उघडली होती. मग मॉल, मग हॉटेलं, मग बार. प्रार्थनास्थळं बंद. देवळं बंद, मशिदी बंद, आम्हीही बंद. सगळ्यांना सारखं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बार?

चर्च उघडू द्या म्हणून मी पाचवा अर्ज घेऊन सरकारी ऑफिसातल्या साहेबांसमोर उभी राहिले. "साहेब, शेडाला तिन्ही बाजूंनी खिडक्या आहेत. एका बाकावर एकच माणूस बसवू. अर्ध्या तासात संपवू."

"गर्दी होते मॅडम."

"बारमधे नाही होत?"

"तिथं लोक अंतर ठेवून बसतात. तुमचं काय आहे, तुम्ही लोक गाता. गाण्यातून पसरतो तो."

"साहेब, बारमधे कोणी गात नाही?"

साहेब मनापासून हसले. शेजारच्या टेबलालाही सांगितलं, तेही हसले. मग अर्ज ओढून घेतला आणि वर शेरा मारला: विचाराधीन.

*

दिवाळीच्या सुमारास अखेर उघडायला परवानगी आली. आदल्या दिवशी एक सरकारी कर्मचारी रजिस्टर घेऊन हजर. येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवायची. नाव, मोबाईल, तापमान. इथवर ठीक. शेवटी पेनानं रेघ मारून एक रकाना वाढवलेला: 'मूळ धर्म'.

"हे आदेशात कुठं लिहिलंय?"

"तोंडी आलंय वरून."

"विषाणूला काय करायचाय आमचा मूळ धर्म?"

"माहिती असलेली बरी असते मॅडम."

मी रजिस्टर त्याच्या अंगावर फेकणारच होते. पाळकसाहेबांनी हात धरला. "इतक्या महिन्यांनी दार उघडतंय. उद्याचा दिवस नको."

रविवारी सकाळी रांगेत पहिले माझे सासरे. निवृत्त शाळामास्तर. आमच्या घराण्यात चार पिढ्या ख्रिस्ती. त्यांच्या खिशात अजून लाल पेन असतं. त्यांनी चष्मा पुसला, नाव लिहिलं, नंबर लिहिला, तापमान लिहिलं. शेवटच्या रकान्यापाशी थांबले. लाल पेन काढलं. रकान्यावर वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ ओढली आणि समासात वळणदार अक्षरात लिहिलं:

'प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.'

खाली सही, तारीख.

मागच्या सगळ्यांनी तो रकाना रिकामा सोडला. कर्मचारी संध्याकाळी रजिस्टर घेऊन गेला. ते पुन्हा आलं नाही.

*

हा शेवटचा किस्सा मी चहाला सांगत नाही. विचारलं तरच.

दुसरी लाट. आमचे शांतवनकाका गेले. कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते, आयुष्यभर लोकांना वेळेवर पोचवलं. त्यांच्या बायको सोनाकाकू. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण उपासनेतली गायनं सगळी तोंडपाठ.

हॉस्पिटलमधे सांगितलं, "बॉडी दहनालाच जाणार." पाळकसाहेब म्हणाले, "नियमात दफनाला परवानगी आहे." "आम्हाला माहीत नाही." पाळकसाहेबांनी कागद दाखवला. "हा जुना असेल." सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत हेच. काकू बाहेर पायरीवर बसलेल्या. शेवटी कोणीतरी वरिष्ठ फोनवर म्हणाले, "नियमात आहे तर द्या ना!" पाच तास लागले त्या एका वाक्याला.

दफनभूमीच्या फाटकावर एक क्लार्क, हातात पॅड. "आत पाच जण. किट घातलेले चार कामगार, राहिला एक. पाळक नाहीतर बायको. ठरवा."

माझा तोल सुटला. "अहो, उघडं मैदान आहे! पन्नास फुटांवर उभे राहतील! काल पुढाऱ्यांच्या उद्घाटनाला मंडप भरून माणसं होती, तिथं कोणी मोजली?"

"ताई, पाच म्हणजे पाच."

काकू पाळकसाहेबांना म्हणाल्या, "तुम्ही जा. त्यांची प्रार्थना झाली पाहिजे. मी हितूनच बघते."

पाळकसाहेबांनी हातातलं प्रार्थनेचं पुस्तक काकूंच्या हातात दिलं.

"मला कुठं वाचता येतंय?"

"माहीत आहे मला. असू द्या हातात."

काकूंना किट चढवलं. ते इतकं मोठं की कमरेला दोरीनं बांधावं लागलं. त्या आत गेल्या. चौघांनी पेटी खाली सोडली. काकू कडेला उभ्या राहिल्या. पुस्तक मिटलेलंच, छातीशी. काय बोलत होत्या, आम्हाला ऐकू येत नव्हतं. पण बोलत होत्या. पाच मिनिटं झाली. दहा झाली. ते चार कामगार, ना आमच्या धर्माचे ना ओळखीचे, काम संपलं तरी हलले नाहीत. माना खाली घालून उभे.

क्लार्कनं घड्याळ बघितलं. "काय चाललंय आत एवढा वेळ?"

"उपदेश," पाळकसाहेब म्हणाले.

काकू बाहेर आल्या, किट उतरवलं. क्लार्कनं फॉर्म काढला. मयताचं नाव, ठिकाण, वेळ भरली. शेवटची ओळ होती, 'अंत्यविधी करणाऱ्या धर्मगुरूचे नाव व सही'. त्यानं पॅड आणि पेन पाळकसाहेबांपुढे केलं.

पाळकसाहेबांनी सावकाश लिहिलं: सोनाबाई शांतवन. आणि पॅड काकूंकडे वळवलं.

"अहो, धर्मगुरूचं नाव पाहिजे!"

"आत तुम्ही कोणाला सोडलंत?"

क्लार्कनं बॅगेत हात घालून शाईचा पॅड काढला, झाकण उघडलं आणि काकूंपुढे धरलं.

काकूंनी अंगठा शाईत बुडवला आणि धर्मगुरूच्या सहीच्या जागी दाबला.