बार्जवर राहिलेला कुक

टो-वायर तुटली तेव्हा मी चहाची वाट बघत होतो. कुकला दोनदा हाक मारून झाली होती. चहा काही आला नाही. मग मागून बंदुकीसारखा आवाज झाला आणि टग एकदम हलकी होऊन पुढे पळाली.

मी कुवेतमध्ये टगवर कॅप्टन आहे. टग म्हणजे लहानशी ओढबोट, पण इंजिन दांडगं. तिच्यामागे जाड तारेनं बांधलेला बार्ज असतो. बार्ज म्हणजे पाण्यावरचा लोखंडी ट्रेलर समजा. त्याला इंजिन नाही, सुकाणू नाही. आपण ओढू तिकडे येतो. तार तुटली की वारा नेईल तिकडे जातो.

त्या दिवशी बार्जवर मोठमोठे दगड होते. मीना अब्दुल्ला बंदराच्या दक्षिणेला एक धक्का बांधायचं काम चालू होतं, तिथं न्यायचे होते. सकाळीच आकाश मळकट पिवळं दिसत होतं. शमाल, म्हणजे वायव्येकडून धूळ घेऊन येणारा वारा, दुपारनंतर सुटणार असा अंदाज होता. मी ऑफिसला फोन केला. आमचे ऑपरेशन्स मॅनेजर मॅथ्यू.

"सर, आज थांबू या. वारा येतोय."

"कॅप्टन, साइटवर क्रेन उभी आहे. वारा दुपारी आहे. तुम्ही त्याआधी पोचाल."

"आणि वायरची शॅकल झिजलीय. मी मागेच कळवलंय." शॅकल म्हणजे वायर जोडायची लोखंडी कडी.

"ऑर्डरमध्ये आहे. एवढी ट्रिप करा."

एवढी ट्रिप करा, हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही. निघालो.

वारा मॅथ्यूंना न विचारता लवकर आला. आणि शॅकल गेली, तिच्याबरोबर वायरही.

मागे पाहिलं तर धुळीत बार्ज आडवा झाला होता आणि आमच्यापासून हळूहळू लांब सरकत होता. वाऱ्याच्या दिशेला तेल भरायची जेटी होती. जेटीला टँकर लागलेला. दगडांनी भरलेला बार्ज टँकरच्या पोटावर आदळला तर काय होईल, याचा विचार मी करत बसलो नाही. पोर्ट कंट्रोलला रेडिओवर कळवलं आणि टग वळवली.

अशा वेळेसाठी एक सोय असते. बार्जच्या मागे एक नारिंगी दोर पाण्यात सोडलेला असतो, टोकाला प्लास्टिकचा फ्लोट. मुख्य वायर तुटली तर तो दोर उचलायचा. त्याच्यामागोमाग दुसरी जाड वायर येते, ती अगोदरच बार्जला बांधून ठेवलेली असते. बार्जवर माणूस लागत नाही. बार्ज ओढत असताना तिथं माणूस असायलाच नको, असा नियम आहे.

आम्ही बार्जच्या मागे गेलो. पाण्यात दोर नव्हता.

माझा मेट, म्हणजे हाताखालचा अधिकारी, सेल्वम दुर्बिणीतून बघत होता. तो म्हणाला, "कॅप्टन, बार्ज पे आदमी है."

"कौन?"

त्यानं दुर्बीण पुसून पुन्हा डोळ्यांना लावली. मग म्हणाला, "अपना कुक."

आमचा कुक सिद्दीक श्रीवर्धनचा. मी जयगड खाडीचा. त्यामुळे तो मला तांडेल म्हणतो. आमच्याकडे होडीच्या म्होरक्याला तसंच म्हणतात. सकाळी टग बार्जला चिकटून उभी होती, तेव्हा हा गरी घेऊन बार्जवर गेला. दगडांच्या सावलीत बसून मासे धरता धरता झोपला. सेल्वमनं गॅलीबाहेर, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघराबाहेर, त्याच्या चपला बघितल्या आणि कुक आत आहे असं गृहीत धरलं. सिद्दीक अनवाणी गेला होता.

मी लाउडहेलर, म्हणजे हातातला भोंगा, घेतला. टग जेवढी जवळ नेता येईल तेवढी नेली.

"सिद्दीक, नारिंगी दोर कुठंय?"

तो दगडाला मिठी मारून बसला होता. हातानं खूण केली. दोर त्याच्या मागे वेटोळं करून ठेवलेला.

"वर का घेतलास?"

वाऱ्यात त्याचं उत्तर तुटक आलं. "गरी अडकत होती, तांडेल."



"तो पाण्यात टाक. आधी फ्लोट."

"मला पोहता येत नाही."

"तुला पोहायचं नाहीये. दोराला पोहायचंय."

लाटांनी बार्जचा काठ वर-खाली होत होता. सिद्दीक पोटावर सरपटत निघाला. धुळीनं त्याचे केस पांढरे झाले होते. त्यानं फ्लोट ढकलला. पण दोराचा गुंता झाला आणि तो काठावरच्या खुंट्याला अडकला. जेटी आता धुळीतून स्पष्ट दिसत होती. टँकरवरची माणसं धावत होती.

"सिद्दीक, माझ्याकडे बघ. जेटीकडे बघू नकोस. डावा हात खुंट्याला धर. उजव्यानं दोर सोडव."

"एका हातानं होत नाही."

"होईल. सोडव."

मी ओरडत नव्हतो. ओरडायची ताकद उरली नव्हती म्हणा, किंवा तो घाबरून हात सोडेल ही भीती म्हणा. त्याच्या घरी मी जेवलोय. त्याच्या आईच्या हातची भाकरी खाल्लीय. बार्ज आदळला तर टँकरला भोक पडेल की नाही ते सांगता येत नव्हतं, पण दगड घसरून हा माणूस पाण्यात जाणार हे नक्की होतं.

दोर सुटला. सेल्वमनं लांब आकड्यानं फ्लोट उचलला, तोही आमच्या पंख्यात अडकण्याच्या बेतात असताना. जाड वायर आली, हुकावर बसली. मी इंजिनाला हळूहळू जोर दिला. बार्ज बराच वेळ ऐकेना. मग त्याचं तोंड वळलं. टँकरपासून इतक्या जवळून गेला की वरच्या एका खलाशाची दाढी मला दिसली.

आडोशाला पोचल्यावर सिद्दीकला टगवर घेतलं. त्याच्या हातात पिशवी होती. पिशवीत दोन हमूर मासे.

"हे एवढ्यातही धरून ठेवलेस?"

"ते आधीच बांधलेले होते," तो म्हणाला आणि गॅलीत गेला. थोड्या वेळानं चहा आला. त्यात साखर नव्हती. आम्ही तसाच प्यायलो.

चौकशी झाली. मॅथ्यूंनी सिद्दीकला विचारलं, "टग सोडून का गेलास?"

"साहेब, मी टग सोडली नाही. टग मला सोडून गेली."

त्याला वॉर्निंग मिळाली, सेल्वमला मिळाली, मलाही मिळाली. बार्जवर मासेमारी बंद असा बोर्ड लागला. शॅकलही नवी आली, पण तिचा उल्लेख कुणी केला नाही.

पुढे एकदा जलीबला, म्हणजे कुवेतमधल्या कामगारवस्तीत, सिद्दीकच्या खोलीखालच्या चहावाल्याकडे बसलो होतो. शेजारी टायरच्या दुकानातला एक जण मला सांगू लागला की एका कोकणी कुकनं दातात दोर धरून पोहत जाऊन तेलाचं जहाज वाचवलं, आणि कॅप्टन केबिनमध्ये रडत होता. मी ऐकून घेतलं. खरं सांगायला उभारी नव्हती, आणि त्याची गोष्ट जास्त चांगली होती.

मी यातून एवढंच शिकलो. निघण्यापूर्वी सगळे आहेत का, असं विचारू नये. उत्तर नेहमी हो असंच येतं. एकेकाचं नाव घ्यावं, आणि ओ येईपर्यंत दोर सोडू नये.