चौकीतला बाक

आमच्या चौकीतला बाक इतका जुना आहे की आधी तो आला आणि मग त्याच्याभोवती गाव वसलं. हरवलेल्या मोबाईलची तक्रार द्यायला मी त्यावर बसलो होतो. शेजारी डोळा सुजलेली एक बाई होती. हवालदारांनी रीतीप्रमाणे तिच्या नवऱ्याला बोलावलं आणि रीतीप्रमाणेच तिला खेटून बसवलं.

"बोला दोघं. मिटवून टाका."

मारणारा आणि मार खाणारी एका बाकावर बसली की संसार जुळतो, असा आपल्याकडे समज आहे. त्या हिशेबाने या बाकाने निम्मा जिल्हा नांदवला असणार. बिचारा दमलाय. बसणाऱ्या बायकाही दमल्यात.

नवरा हळूच म्हणाला, "घरी चल, मग बघतो." बाई सरकत सरकत माझ्या मांडीवर यायचीच बाकी राहिली.

तेवढ्यात एक महिला पोलीस डबा घेऊन आली. "सरका हो," म्हणत ती दोघांच्या मधे बसली आणि निवांत जेवू लागली. "तू खाल्लंस का गं काही?" बाईने नकारार्थी मान हलवली. पोलिसीणबाईने अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली.

आतून हाक आली तशी पोलिसीणबाई उठली. मधली जागा रिकामी झाली.

बाईही उठली.

"कुठं निघालीस? बस," नवरा म्हणाला.

"मॅडम," बाई म्हणाली, "मला मिटवायचं नाही. लिहून घ्या."