तीनदा तपासलेली चिठ्ठी

"मी कोणाले बरं करत नाही बाई, मी फक्त काहून होत नाही ते पाह्यतो."

दीक्षा तायडे हे वाक्य बोलली ते गेल्या मे महिन्यात, अमरावतीच्या एका वंध्यत्व केंद्राच्या व्हरांड्यात. ऐकणारी होती चांदूर रेल्वेची सुभद्राबाई. सुनेला घेऊन आली होती. वाक्य खरं होतं. दीक्षा तेवढ्यावर थांबली असती, तर सांगण्यासारखं पुढे काही उरलं नसतं.

दीक्षा चव्वेचाळीस वर्षांची. वलगावची. लग्न केलं नाही, आणि ते का केलं नाही हे विचारणारे आता थकून गेले होते. अमरावतीत भाड्याच्या दोन खोल्या, आणि एका महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत दोन टेबलांची प्रयोगशाळा. तिचं काम समजावून सांगायला ती संत्रं सोलायची. स्त्रीबीजाभोवती संत्र्याच्या फोडीवर असतो तसा एक पापुद्रा असतो. शरीरात रोगाशी लढणारं एक सैन्य असतं. काही बायांच्या शरीरात हे सैन्य त्या पापुद्र्यालाच परका समजतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. मग बीज असूनही रुजत नाही. अशा बाया किती, आणि त्या आधीच ओळखता येतील का, एवढंच तिला शोधायचं होतं.

नमुने दोन ठिकाणांहून यायचे. अमरावतीच्या बाया उपचाराला अकोल्याला जात आणि अकोल्याच्या अमरावतीला येत, कारण आपल्या गावात पायरी चढताना कोणीतरी पाहतंच. दीक्षा थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बडनेऱ्याहून गाडी पकडायची आणि दोन्हीकडचं रक्त गोळा करायची. डब्यात काय आहे, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "आइस्क्रीम."

तर सुभद्राबाई. सून नीलम आत झोपली होती. तिची तीन बीजं काढली होती आणि त्यांच्यासोबत निघालेलं थोडं पाणी दीक्षाच्या नळीत आलं होतं.

"बरं करत नाही, तर मंग घेता कायले?" सुभद्राबाईनं विचारलं.

"पुढच्या बायांले फायदा होईल."

"पुढच्याचं पुढं पाहू. आमच्या नीलमचा कागद द्या. डेरीवर दूध घातलं तं फॅटची चिठ्ठी भेटते. तुमी रगत घेता, पाणी घेता, अन् हातात काई देत नाई?"

संशोधनाच्या तपासणीचा कागद रुग्णाला द्यायचा नसतो. तो निकाल त्या बाईचा नसतो, मोजणीतला एक आकडा असतो. दीक्षाला हे पाठ होतं. पण तिचा बाप श्याम तायडे, तालुक्याच्या दवाखान्यात शिपाई, जन्मभर एकच सांगत आला होता: गरिबाच्या हातात कागद पाहिजे, कागद असला की माणसाले उभं राहता येते. हा बाप तिच्या हाडात होता. पंधरा दिवसांनी सुभद्राबाई चांदूरहून पुन्हा आली, टेबलासमोर पदर सावरून बसून राहिली, तेव्हा दीक्षानं एका कोऱ्या चिठ्ठीवर स्वच्छ मराठीत लिहिलं: "नीलम. स्त्रीबीजाविरुद्ध प्रतिपिंडं: जास्त." खाली सही केली. नमुना एकदाच तपासणीला लावला होता. आकडा इतका उंच आला होता की दुसऱ्यांदा लावायची गरज तिला वाटली नाही.

"म्हणजे?" सुभद्राबाई.

"म्हणजे तिचंच शरीर तिच्या बीजाले टिकू देत नाही. अजून अभ्यास सुरू आहे."

यातलं दुसरं वाक्य चांदूरपर्यंत पोचलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी अकोल्याच्या केंद्रात ती रक्त घेत होती. यादीतलं नाव शालू. दंडाला पट्टा बांधला, सुई लावली, तेव्हा ती बाई म्हणाली, "मॅडम, ओयखलं नाई? तुमी माह्या सासूले चिठ्ठी देल्ली होती."

दीक्षानं वर पाहिलं. चेहरा निम्मा झाला होता. "नीलम?"

"ते तिकडं. लग्नात तांदळावर लिहिलेलं नाव. इथं शालूच."

सोबत तिचा भाऊ अनुप होता. तो भिंतीला टेकून उभा होता, आता खुर्ची ओढून बसला. "चार महिने झाले मॅडम, हिले आणून सोडलं. तुमची चिठ्ठी त्याइनं लॅमिनेशन करून ठेवली. हिचे सासरे, रामराव, ते पिशवीत घेऊनच फिरतात. तेरवी असो का साखरपुडा, चार माणसं बसली का चिठ्ठी निंगते."

"कोणी वाचतही नाई," शालू म्हणाली. "खालची सही पाह्यतात फक्त."

"अन् आता फारकती मांगतात. पुढल्या महिन्यात, सात तारखेच्या रविवारी दोन्हीकडच्या माणसांची बैठक आहे. वकील लागत नाई त्याइले, तुमचा कागद पुरते."

"म्हणून मी इथं आली," शालू म्हणाली. "म्हटलं दुसऱ्या गावचं मशीन काई दुसरं बोलते का पाहू. तं मशीनही तुमीच."

ती हसली. दीक्षाला हसता आलं नाही. ती नळीवर नाव लिहीत होती आणि कोणतं लिहावं तिला कळेना.

"मी पुन्हा तपासतो," ती म्हणाली. "पण पक्कं हाती आल्याबिगर बैठकीत त्या चिठ्ठीबद्दल काही बोलू नोका."

"मी काय बोलू? तुमच्या चिठ्ठीले मी खोटं कसं म्हणू?"

तपासणीच्या रसायनांचं नवं किट यायला दोन आठवडे गेले. या वेळी बर्फासकट आलं. तीन तारखेच्या बुधवारी दीक्षानं शालूचं रक्त लावलं. आकडा आला तो कोणत्याही चार लेकरांच्या आईचा यावा तसा. मग तिनं डीप फ्रीझरमधून मे महिन्यातलं तेच पाणी काढलं, नीलम नावाचं, आणि तेही लावलं. गुरुवारी दुपारी उत्तर आलं. त्यातही काही नव्हतं.

प्रयोगशाळेतला मदतनीस श्रावण निवृत्तीला टेकलेला माणूस. नळ्या धुता धुता म्हणाला, "मॅडम, मे महिन्यातल्या त्या किटचा डबा कोमट होता. दोन दिवस कुरिअरवाल्याकडं पडून होता. मी लिहून ठेवलं होतं."

आलेल्या सामानाची नोंद ठेवायच्या भिंतीवरच्या कार्डावर त्याचं अक्षर होतं: "डबा कोमट. बर्फाचं पाणी झालं." त्याच्यापुढे दीक्षाची सही. न वाचता केलेली.

त्या किटवर सहा बाया मोजल्या होत्या. प्रकल्पात एकूण अकरा दोषी सापडल्या होत्या, त्यातल्या या सहा. म्हणजे तीन वर्षांचं काम निम्म्याहून जास्त एका कोमट डब्यात बुडालं होतं. ते तिला कळलं आणि फारसं दुखलं नाही. त्या सहांतल्या बाकी पाचजणींना तिनं कागद दिला नव्हता. कागद एकीकडेच होता.

प्रकल्पाचे प्रमुख डॉ. शेखर यांच्यापुढे ती उभी राहिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ती चिठ्ठी द्यायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही, सर."

"मग आता दुसरी चिठ्ठी द्यायलाही कोणी सांगितलेलं नाही. आकडे दुरुस्त करू. बाईचं घर हा आपला विषय नाही." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "आणि आता तरी एका तपासणीवर काही बोलू नका. तीनदा लावा. रीत आहे ती."

रीत होतीच. गुरुवारी रात्री तिनं अनुपचा नंबर काढला आणि फोन उलटा करून ठेवला. एकदाच्या निकालावर तिनं एका बाईचं घर मोडलं होतं. आता एकदाच्याच निकालावर ते सांधायला जावं, आणि हाही चुकला तर? शनिवारी दुसरं उत्तर आलं, तेच. तिसऱ्यासाठी नळ्या लावून ती घरी गेली. रविवार उजाडला, चढला, उतरला. चांदूरात बैठक बसली असेल, सतरंजी झटकली असेल, हे ती दिवसभर पाहत होती. हात कामाला लागावेत म्हणून तिनं संत्री सोलली. खाल्ली नाहीत.

सोमवारी तिसरं उत्तर आलं. तेच. तिनं फोन लावला.

"काल झाली मॅडम," अनुप म्हणाला. "सह्या झाल्या."

"शालू काय म्हणाली?"

"काईच नाई. रामरावांनी चिठ्ठी पुढं ठेवली अन् इचारलं, हे खोटं आहे का सांग. शालू खाली मुंडी घालून बसली. तुमी सांगतलं होतं ना, बोलू नोका म्हून."

मंगळवारी ती चांदूरला गेली. नवी चिठ्ठी तिनं तीन वेळा लिहून काढली होती. रामरावांचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. तिला पाहून सुभद्राबाई पुढे आली, खुर्ची पुसून दिली. मुलगा कुलदीप आतून आला, मोबाइल पाहत दाराशीच उभा राहिला.

"मॅडमचं गाव कोणतं?" रामरावांनी विचारलं.

"वलगाव."

"वलगावात कोणाइकडच्या?"

"श्याम तायडेंची मुलगी. दवाखान्यात शिपाई होते."

"हं," रामराव म्हणाले. चहा आला. त्यांचा स्टीलच्या पेल्यात, तिचा कागदी कपात. तिनं तो हातात धरून ठेवला.

"मी दिलेली चिठ्ठी चुकीची होती," ती म्हणाली. "तपासणीचं सामान खराब झालेलं होतं. चूक माझी आहे. आता तीनदा तपासलं. नीलममध्ये तसा काही दोष नाही." आणि तिनं नवा कागद पुढे केला.

रामरावांनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, मग भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या पिशवीतून जुनी काढली. प्लॅस्टिकमध्ये तिची सही आणखीच ठळक दिसत होती. दोन्ही त्यांनी मांडीवर शेजारी ठेवल्या.

"सही तं दोन्हीवर तुमचीच आहे."

"हो."

"मंग मानावं कोणतीले?"

"ही. ही तीनदा पाहिली आहे."

"पयली एकदा पाहून देल्ली होती का मंग?"

दारातून कुलदीप पहिल्यांदा बोलला. "बाबा, राहू द्या ना आता."

"नाई, मी भांडून नाई राहिलो," रामराव म्हणाले. "मॅडम खुद चालत आल्या, एवढा मोठेपणा कोण दाखवते? पण सह्या झाल्या मॅडम. दोन्हीकडची माणसं उठून गेली. आता पोरीले पुन्हा आणली तं लोक तोंडात शेण घालतील, का हे काय चिठ्ठीवर घर चालवतात."

त्यांना त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. सुभद्राबाईनं नवी चिठ्ठी उचलली, पदरानं पुसली, जुन्या चिठ्ठीखाली नीट सरकवली आणि दोन्ही पिशवीत ठेवल्या. मग खुर्चीजवळ खाली बसली आणि आवाज उतरवून आपलेपणानं म्हणाली,

"मॅडम, आता आल्याच आहा तं एक काम करा. धारणीकडची एक पोरगी पाह्यली आहे कुलदीपसाठी. बापाची ना नाई. लग्नाच्या आधीच तिचं रगत पाहून द्या. या टायमाले तीनदा पाहा, घाई नाई आमाले. अन् तशीच चिठ्ठी द्या, सहीची."

दीक्षानं कागदी कप जमिनीवर ठेवला. चहावर साय धरली होती. ती उठली, दारात अंग चोरून उभ्या असलेल्या कुलदीपजवळून बाहेर आली, चपला पायात सरकवल्या, आणि उन्हात चालू लागली.