आबांचा घाम

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला स्वायत्त मज्जासंस्थेवर मोठा प्रश्न आला होता. मी आकृतीसकट उत्तर लिहून पुरवणी जोडली होती. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. पण त्याच उत्तरातली चार वाक्यं वडिलांना सांगायची वेळ आली, तेव्हा माझी जीभ उचलली नाही.

आबा रेल्वेत गँगमन होते, खंडाळ्याच्या घाटात. निवृत्तीनंतर कुसगावला घरची भातशेती आणि एक बैलजोडी. दोन वर्षांमागं त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. हा आजार पुरुषी हार्मोनवर पोसतो, म्हणून ते हार्मोनच आटवायचं. डॉक्टर हे मला इंग्रजीत सांगत होते, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते असं मीच ऐटीत सांगितलं होतं. बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "काय म्हनला गं?"

"ताकद टिकवायचं इंजेक्शन आहे, आबा."

मला लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

महिना-दीड महिन्यानं सुरू झालं. बसल्या जागी छातीतून गरम लाट उठायची, मानेवरून कपाळापर्यंत चढायची. बंडी पिळावी इतका घाम, काळीज धडधडायचं, आणि थोड्या वेळात अंग गार पडून हुडहुडी. झटकन उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. आबांनी याचा अर्थ माझ्याच शब्दावरून लावला. ताकदीचं औषध, म्हणजे उष्ण पडलं! मग सब्जा सुरू झाला, धण्याचं पाणी सुरू झालं, मटण बंद, अंडं बंद. पारावर सांगायचे, "लेकीनं ताकदीची सुई चालू केलीया, लय जहाल हाय." म्हातारे हेव्यानं ऐकायचे. एकानं तर सुईचं नाव कागदावर लिहून मागितलं.

मी सासरी, बेगडेवाडीला राहते. रविवारी माहेरी गेले की सब्जाचा तांब्या दिसायचा आणि मी भाताचा विषय काढायचे.

पुढच्या सुईला आठ दिवस उरले असताना आबा जेवताना म्हणाले, "मी न्हाई येनार आता. ही ताकदच मला मारंल. काळीज असं उडतं, वाटतं हितंच कोसळतोय."

सुई थांबली तर आजार उसळणार, हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं, कारण मी होऊ दिलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांना लाट आली. ताट सरकवून त्यांनी सदऱ्याची बटणं काढली आणि भाकरीच्या डब्याच्या झाकणानं वारा घ्यायला लागले. आई तव्यापाशी उभी राहून बघत होती.

"अवो, ह्ये तर माजं हाय," ती म्हणाली.

"तुजं काय?"

"पाळी गेली तवा मला असंच व्हायचं. छातीतनं वर, मग गारठा. चार वर्सं. तवा तुमी म्हनायचा, हिला काम नको, नाटकं करती."

झाकण थांबलं. "मी गडी हाय. मला कसं हुईल?"

दोघांनी माझ्याकडं बघितलं.

मग मी सांगितलं. पाळी जाताना बाईचं हार्मोन आटतं, तसं तुमचं या सुईनं आटवलंय. श्वास, ठोका, घाम यांना आपण हुकूम देत नाही, ते आपोआप चालतं. घाटात गाडीला चढाला मागून इंजिन लावतात, उताराला ब्रेक धरतात, तसं अंगात एक पळवणारं आणि एक आवरणारं असतं. त्यांचा मेळ राखायला हार्मोनचाही हात लागतो. ते एकदम गेलं की मेंदूतला अंगाची ऊब सांभाळणारा भाग हळवा होतो. कोमट चहानंही त्याला आग लागल्यासारखं वाटतं आणि तो घाम सोडतो. "ताकद जास्त झालेली नाही, आबा. मी खोटं बोलले."

आबांनी झाकण डब्यावर बसवलं. मग म्हणाले, "म्हंजे चिमटा लावला मला."

गोऱ्हा खच्ची करायला जनावरांचे डॉक्टर लोखंडी चिमटा वापरतात. आबांनी किती गोऱ्हे त्यासाठी धरून दिले असतील, गणती नाही.

"हो," मी म्हणाले.

"सुईनं लावला, नशीब समजा," आई म्हणाली. "गोऱ्ह्याला कुनी इचारतं का?"

"मलाबी कुटं इचारलं?" मग माझ्याकडं न बघता, "तुला शिकवलं ते मला कळावं म्हनून. मला कळू नये म्हनून न्हाई."

मी त्यांचं ताट पुन्हा त्यांच्यापुढं सरकवलं.

"सुई सोडली तर?" त्यांनी विचारलं.

"आजार वाढेल."

"आन घेतली तर ह्यो घाम?"

"राहील. कमी करायला गोळ्या असतात, पण डॉक्टरांना सगळं सांगावं लागेल. आणि उठताना आधी कडेला बसायचं, मग उभं राहायचं."

त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले. "चिमटा लावलेला बैल जगतो मातुर. नांगराला बी चालतो."

"लाथा बी घालत न्हाई," आई म्हणाली, आणि आबा हसले नाहीत असं दाखवायला तिकडं तोंड करून बसले.

आठ दिवसांनी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. नंबर आला तशी मी फाईल घेऊन उठले. आबांनी ती माझ्या हातून काढून आईला दिली. "तू बस हितं."

दार अर्धवटच लागलं होतं. आतून डॉक्टरांनी मराठीत विचारलं, "काका, काही त्रास होतो का?"

"व्हतो की," आबा म्हणाले. "पर हिला इचारा. हिला त्यातलं माज्यापरीस जास्त कळतं."

आणि आई सांगायला लागली, छातीपासून.