सुनेची बहीण अन् माझं रक्त

आमच्या सुनेच्या मोठ्या बहिनीएवढी रक्ताची लालची बाई साऱ्या गोंदिया जिल्ह्यात शोधून सापडाची नाही. डॉक्टरीन हाये, गोंदियात तिची रक्त तपासाची लॅब हाये. पन लॅबले कुलूप लागलं म्हनून तिचं काम काही थांबत नाही. बाया एकमेकीच्या बांगड्या पाहतेत, ही बांगड्या वर सारून शिरा पाहते. एका लग्नात मेंदी पाहतो म्हनून नवरीचा हात धरला अन् म्हंते, "वा! काय मस्त शीर हाये!" नवरी भेऊन मायच्या मांगं लपली. पंगतीत बसली का भाताची शितं अन् वाटाने पत्रावळीवर मांडते. "पाहा मावशी, ह्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. शिपाई समजा. अंगात जंतू पसरून राहिले का यातले मोठे शिपाई बिघडतेत. कोनी फुगते, कोनी तसाच राहते, माप सारखं राहत नाही. आता मशीन ते माप सांगते. मानूस आडवा पडाच्या आधी समजू शकते!" वाढनारा कढी घेऊन उभाच. मी म्हनलं, "बाई, आधी शिपाई खाऊन घे, मंग लढाई सांग."

नागझिऱ्याच्या जंगलात तिले नेलं तं वाघ गाडीपुढं येऊन उभा. साऱ्याइचा श्वास अटकला, अन् ही गाईडच्या डोळ्याची पापनी खाली ओढून म्हंते, "भैया, खून कम है आपका. उद्या लॅबमध्ये या." वाघ निघून गेला. तिचा नवरा चिडला, तं म्हंते, "वाघाले काय झालं? तब्येत चांगली होती त्याची."

मी काही सुईले भेनारी नाही. मालक गेले तवा पोरगा पाठीशी बांधून लोकाइच्या धानाच्या बांधीत रोपाचा रोवना केला, दुपारी पेज पेली अन् पुन्हा चिखलात. दुखन्याले फुरसत कधी भेटलीच नाही. मांगच्या रोवन्यात पायात काटा मोडला. हळद-तंबाखू लावून फडकं गुंडाळलं अन् चालली. तसंच करता करता आमच्या बांधीत रोवन्याचा शेवटचा दिवस आला. आमच्याकडं रोपाची शेवटची पेंडी घरच्या म्हातारीनंच लावाची. ही पाव्हनी म्हनून आली होती, सकाळी बांधावर माझा हात धरला.

"मावशी, अंग गरम अन् बोटं थंडी? श्वासबी जोरात चालून राहिला. काऊन?"

"काम करून राहिली म्हनून! तुह्यासारखी खुर्चीत नाही बसली."

तिनं पर्समधून सुई काढली अन् बांधावरच रक्त घेतलं. बाया हासल्या, "डॉक्टरीनबाई, आमचंबी घ्या न जी, चहा पाजा फक्त!" ती गाडी घेऊन गोंदियाले पळाली.

दुपार कलली तं कार घेऊन वापस. "मावशी, चला. शिपायाइचं माप लय बिघडलं. एकट्या मापावर मी बोलत नाही, पन हा सुजलेला पाय अन् ही थंडी पाहून थांबतबी नाही. आता गेलो तं वाचाल."

"पेंडी राहिली न बाई. ते लावतो, मंग चल."

तिनं साडी खोचली, माझ्या हातातून पेंडी हिसकली अन् चिखलात उतरली. खुंट गाडल्यासारखे रोप गाडले, एकबी सरळ नाही. "झाला रोवना!" म्हनली. बाया पोट धरून हासल्या. मीबी हासली, अन् हासता हासताच डोळ्यापुढं अंधारी आली. तिनंच धरलं.

दवाखान्यात सलाईन, औषधं, पाय चिरला. बरी होत आली तं ही नाचतच आली. "मावशी, शिपाई लाईनीत आले!"

तवा मी तिले सांगितलं, माह्या लहान बहिनीले रोवन्यात असाच काटा लागला होता, अशीच थंडी वाजे. रोवन्याचा शीन म्हनून आमी तिले पडवीत निजवलं. उठलीच नाही.

ही एवढी बडबडी, पन खाली पाहून म्हंते, "मले कोनी बलावलं असतं तं..."

"बाई, तू तं तवा जन्मालेबी नव्हती आली."

तरी तिचं तोंड पडलेलंच. मंग हळूच इचारलं, "नाव काय होतं त्याइचं?"

"सगुना," मी म्हनलं.

मायबाप गेल्यापासून तिचं नाव कोनी घेतलंच नव्हतं.